मंडप पार पडला, म्हणजे नक्की काय झालं? ‘पार’ लिहिताना या चुका टाळा

एका समारंभाचा वृत्तान्त तपासायला आला होता. त्यात वाक्य होतं, ‘सकाळी नऊ वाजता मंडप पार पडला.’ लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं की मंडपपूजन पार पडलं. घाईत ‘पूजन’ गळलं आणि अख्खा मंडप भुईसपाट झाला. दुरुस्ती सोपी होती, पण वाक्य काही डोक्यातून जाईना. काम नीट तडीला लागलं हे सांगायला ‘पार’, आणि पुरतं आडवं झालं हे सांगायलाही ‘पार’च!

मुळात पार म्हणजे नदीचा पलीकडचा काठ. संस्कृतात अलीकडच्या काठाला ‘अवार’ म्हणतात, पलीकडच्याला ‘पार’. या दोहोंच्या मध्ये पाणी असतं. या शब्दाच्या बहुतेक चुका ते मधलं पाणी विसरल्यामुळे होतात.

पडतं काय आणि पाडतं कोण

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. ‘संयोजकांनी कार्यक्रम उत्तम पार पडला’ किंवा ‘त्यांच्याकडून जबाबदारी चोख पार पाडली’ अशी वाक्यं रोज वाचायला मिळतात. ‘पडणे’ अकर्मक आहे, तिथे करणारा लागत नाही: कार्यक्रम पार पडला. ‘पाडणे’ सकर्मक आहे, तिथे कोणीतरी करणारा हवाच: संयोजकांनी कार्यक्रम पार पाडला. ‘त्यांच्याकडून’ लिहायचं असेल तर जबाबदारी ‘पार पाडली गेली’ किंवा ‘पार पडली’. वाक्यात ‘ने’, ‘नी’ लागलेला माणूस दिसला की ‘पाडणे’, एवढं डोळ्याला वळण लावलं तरी निम्मं काम होतं.

यापेक्षा बारीक चूक अर्थाची आहे. ‘दुपारी महामार्गावर भीषण अपघात पार पडला.’ व्याकरण बिनचूक, तरी वाक्य अंगावर येतं. का? कारण जे हाती घेतलेलं असतं तेच पार पडतं. सभा, लग्न, शस्त्रक्रिया, निवडणूक या सगळ्यांना आधीची तयारी असते, मध्ये अडण्याची धास्ती असते आणि पलीकडे सुखरूप पोचल्याचा सुस्कारा असतो. अपघात कोणी हाती घेत नाही. तो होतो किंवा घडतो. भूकंप, भांडण, चोरी यांचंही तेच. (चोरांच्या बाजूने लिहीत असाल तर चोरी पार पाडायला हरकत नाही.)

याच कारणाने क्षुल्लक कामांनाही ‘पार पडणे’ शोभत नाही. ‘आमचा चहा पार पडला’ हे वाक्य विनोदी वाटतं ते त्यातल्या नसलेल्या पाण्यामुळे. पाहुण्यांची झुंबड उडाली असेल, दूध नासलं असेल, कप कमी पडले असतील, तर मात्र तेच वाक्य अगदी चपखल!

‘तडीस नेणे’ हा या प्रयोगाचा सख्खा भाऊ. तड म्हणजेही काठ. काम तडीस गेलं, म्हणजे होडी किनाऱ्याला लागली. म्हणून ‘काम पार तडीस नेऊन पार पाडलं’ असं लिहिलं की एकच होडी तीनदा किनाऱ्याला लागते.

जाता जाता, ‘संपन्न झाला’बद्दल. ‘संपन्न’ म्हणजे श्रीमंत, म्हणून कार्यक्रम संपन्न होऊ शकत नाही, असं बजावणारे पुष्कळ भेटतात. संस्कृतात या शब्दाला पूर्ण झालेला, सिद्धीस गेलेला असाही अर्थ आहे, त्यामुळे मी ती चूक मानत नाही. कंटाळवाणं मात्र मानतो.

पारावर, पारावार, पाऱ्यावर

‘तिच्या आनंदाला पारावर उरला नाही.’ एक काना गेला आणि आनंद वडाखालच्या चौथऱ्यावरून उठून घरी गेला. वड-पिंपळाभोवती बांधलेला ओटा तो पार. त्यावर बसणं म्हणजे पारावर बसणं. आनंदाला नसतो तो ‘पारावार’: पार आणि अवार, म्हणजे दोन्ही काठ. कुठलाच किनारा दिसू नये इतका आनंद. म्हणूनच मराठीत हा शब्द नेहमी नकारासोबत येतो. ‘आनंदाचा पारावार झाला’ असं लिहिलंत तर आनंद दोन काठांत कोंडून ठेवल्यासारखा होतो. पारावार उरत नाही, राहत नाही किंवा नसतो.

तिसरा भिडू पारा, थर्मामीटरमधला. त्याचं सामान्यरूप ‘पाऱ्या’: पाऱ्यावर, पाऱ्याने, पाऱ्याचा. इथे टंकलेखनाची अडचण येते. साधा ‘र’, हलन्त आणि ‘य’ असं टाइप केलं की रफार तयार होतो आणि ‘पार्यावर’ असं भलतंच रूप उमटतं. उपाय असा: खाली टिंब असलेला ‘ऱ’ घ्या, त्याला हलन्त द्या, मग ‘य’ टाका. युनिकोडमध्ये या ‘ऱ’ला स्वतंत्र क्रमांक आहे, ०९३१. कळफलकावर तो एकदा शोधून ठेवला की दऱ्या आणि दर्या, आचाऱ्यांना आणि आचार्यांना हे घोळही मिटतात. स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांना आचार्यपद देण्याचा मान हल्ली फोन परस्पर घेतात.

शब्दतपासनीसावर इथे विसंबू नका. पारावर, पारावार, पाऱ्यावर हे तिन्ही शब्द खरे आहेत, त्यामुळे लाल रेघ येणारच नाही. शंका आली की ‘पार’ काढून जागी दुसरा शब्द घालून पाहा: ‘पलीकडे’, ‘पूर्णपणे’ किंवा ‘ओटा’. तिन्हींपैकी एकही बसत नसेल तर तुम्हाला बहुधा दुसराच शब्द हवा आहे.

रस्ता पार करायचा की ओलांडायचा?

‘रस्ता पार करताना दोन्ही बाजूंना पाहा’ यात हिंदीचा वास येतो, अशी तक्रार होते. मला ती अर्धी पटते. समजायला अडचण काहीच नाही, पण मराठी माणूस रस्ता ओलांडतो. उंबरठा, रूळ, मर्यादा, वयाची साठी हेही ओलांडायचंच. ‘पार करणे’ बरं दिसतं ते अडथळा, टप्पा, वाळवंट अशा ठिकाणी, जिथे पलीकडे पोचणं हेच मोठं काम असतं.

वेळ मात्र ओलांडली जात नाही, ती उलटते. ‘अर्जाची मुदत ओलांडली’ असं लिहिण्यापेक्षा ‘मुदत उलटली’ किंवा ‘टळली’ लिहा. आणि ‘उल्लंघन’ जपून वापरा. मूळ अर्थ ओलांडणं एवढाच, तरी आज ते नियमाचं, कराराचं, हक्काचंच होतं आणि वाईटच असतं. अपवाद एकच, सीमोल्लंघन. तिथे ओलांडण्यात पराक्रम आहे.

पाणी ओलांडण्यासाठी जुन्या मराठीत सरळ ‘नदी उतरणे’ म्हणत. पायी पलीकडे जाता येईल अशी उथळ जागा म्हणजे ‘उतार’, आणि होडीतून पलीकडे जाणारा ‘उतारू’. बस-गाडीचे उतारू ही होडी केव्हाच विसरले आहेत. जुना मजकूर आजच्या मराठीत आणताना ‘सैन्य नदी उतरले’ याचं ‘सैन्य नदीत उतरले’ करणारे मी पाहिलेत. त्या एका ‘त’ने सगळं सैन्य पाण्यात अडकून पडतं.

‘उत्तीर्ण’ही याच ओलांडण्याच्या धातूचा. परीक्षेच्या पलीकडे गेला, तो उत्तीर्ण. म्हणून ‘परीक्षा उत्तीर्ण केली’ चुकीचं. विद्यार्थी ‘परीक्षेत उत्तीर्ण झाला’. तीर्थ हाही मुळात नदी ओलांडण्याचा उतारच, आणि तीर्थंकर म्हणजे तो उतार करून देणारा.

‘पार’ म्हणजे ‘अगदी’ नव्हे

पार थकलो, पार विसरलो, पार वाट लागली, घर पार बदलून गेलं. या ‘पार’चा अर्थ ‘शेवटच्या टोकापर्यंत’ असा आहे आणि त्याचा ओढा बिघडण्याकडे, संपण्याकडे, बदलण्याकडे आहे. ‘ती पार सुंदर दिसत होती’ म्हणून पाहा, कान नापसंती दाखवतील. सुंदरला ‘अगदी’ किंवा ‘फार’ लागतं. ‘फार’ लिहायचं असताना ‘पार’ होणं हा घाईतला दोष आणखी निराळा: ‘तुमचे पार आभार’ असा निरोप मला आलेला आहे. अंतर दाखवताना मात्र हाच ‘पार’ छान चालतो: पार टोकापर्यंत, पार तळाशी.

तडीपार, हद्दपार, फरार

बातम्यांमध्ये हे तीन शब्द एकमेकांच्या जागी येतात. तडीपारी हा कायद्याचा ठरावीक प्रकार आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५५, ५६ आणि ५७ खाली एखाद्याला ठरावीक हद्दीबाहेर जाऊन राहण्याचा आदेश देता येतो, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. तडीपार माणूस तुरुंगात नसतो आणि पळालेलाही नसतो. पळालेला तो फरार. ‘तडीपार आरोपीचा पोलीस शोध घेत आहेत’ असं लिहिण्याआधी तो आदेश मोडून परत आला आहे का, हे विचारा.

हद्दपार त्याहून सैल आणि व्यापक. माणूस देशातून हद्दपार होतो, तसा रोगही. पोलिओ भारतातून हद्दपार झाला आणि २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने तसं प्रमाणपत्र दिलं. पोलिओला तडीपार म्हटलं तर दोन वर्षांनी तो परत यायचा!

नावसाधर्म्याचे बळी

पारंगत (पलीकडे गेलेला), पारदर्शक (पलीकडचं दाखवणारा), पारायण (या टोकाहून त्या टोकापर्यंत वाचणं) ही याच घरातली मंडळी. म्हणून एकच अध्याय वाचून ‘पारायण केलं’ म्हणता येत नाही. पारंपरिक, पारलौकिक, पारतंत्र्य हे मात्र परंपरा, परलोक, परतंत्र यांपासून आलेले. त्यांच्यात नदी शोधू नका. ‘पारिपत्य’ आणि ‘पारपत्र’ यांचीही गल्लत होते. पहिलं शत्रूचं करतात, दुसरं खिशात ठेवून विमानात बसतात.

‘आरपारची लढाई’ हिंदीतून आली. मराठीत बाण किंवा खिळा आरपार जातो. लढाई निकराची किंवा निर्वाणीची असते.

जोडून की तोडून

सीमापार, हद्दपार, तडीपार, आरपार एकत्र. पार पाडणे, पार करणे सुटं. ‘सात समुद्र पार’ ही हिंदी घडण. मराठीत ‘सातासमुद्रापार’, एका दमात. आणि ‘पलीकडे’, ‘अलीकडे’ यांतली ‘ली’ दीर्घ, जरी ऐकताना ती ऱ्हस्व वाटली तरी.

राहिलं ‘पारणे’. उपवास पूर्ण करून जेवणं म्हणजे पारणं, तेही ‘पूर्ण करणे’ या अर्थानेच. डोळ्यांचं पारणं फिटतं, कारण डोळे कधीचे उपाशी असतात. ‘डोळ्यांचे पांग फिटले’ असं लिहू नका. पांग आईवडिलांचे फेडायचे असतात.