नाटकावरची समीक्षा शोधायला ग्रंथालयात जाताना

निघण्याआधी कागदावर एक वाक्य लिहा: मला नेमकं काय हवंय? ‘हॅम्लेटवर काहीतरी’ हे उत्तर चालणार नाही. शेक्सपिअरवर इतकं लिहिलं गेलंय की त्या ‘काहीतरी’त अख्खी दुपार जाते आणि हाती तीन जाडजूड ठोकळे उरतात. त्याऐवजी ‘हॅम्लेट सूड घ्यायला एवढा वेळ का लावतो’ किंवा ‘ओफेलियाच्या वेडाकडे समीक्षक कसं पाहतात’ असा प्रश्न असला, की निम्मी पुस्तकं अनुक्रमणिका पाहूनच परत ठेवता येतात.

नाटक वाचून झालेलं हवं, आणि ज्या प्रतीत वाचलं ती पिशवीत हवी. समीक्षक उतारा देतो तो अंक, प्रवेश आणि ओळ यांच्या आकड्यांनी, आणि ओळींचे आकडे आवृत्तीगणिक सरकतात. ‘हॅम्लेट’च्या बाबतीत तर मूळ संहिताच तीन आहेत. १६०३ ची पहिली छापील प्रत ही १६०४-०५ च्या दुसरीच्या साधारण निम्मीच, आणि १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या मोठ्या आकाराच्या एकत्रित ग्रंथात, काही ओळी गळाल्या तर काही नव्या आल्या. समीक्षक कुठल्या संहितेवर बोलतोय ते कळलं नाही, तर तो म्हणतो ती ओळ तुमच्या पुस्तकात सापडायचीच नाही.

तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकसूचीत, शोधताना नाटकाच्या नावाने सुरुवात करू नका. त्या नावाखाली नाटकाच्याच आवृत्त्या, भाषांतरं आणि चित्रपटाच्या डीव्हीडी येतात. नाटककाराचं नाव ‘लेखक’ या रकान्यात न टाकता ‘विषय’ या रकान्यात टाका. स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी करून बघा: शेक्सपिअर, शेक्सपियर, शिवाय रोमन लिपीतही. भाषांतरं हवी असतील तर त्यांची नावं आधी शोधून ठेवा. आगरकरांनी १८८३ साली केलेलं ‘हॅम्लेट’चं भाषांतर ‘विकारविलसित’ या नावाने आहे.

वर्गांक, म्हणजे पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते सांगणारा विषयाचा आकडा, टिपून घ्या. ड्यूई या वर्गीकरण पद्धतीत शेक्सपिअर ८२२.३३ ला, ग्रीक नाटक ८८२ ला, नॉर्वेचा नाटककार इब्सेन ८३९.८२ च्या आसपास. त्या कपाटापाशी गेलात की टिपलेलं पुस्तक काढून लगेच मागे फिरू नका, डावी-उजवीकडची दोन फूट फळी नजरेखालून घाला. नाटकाच्या प्रयोगांबद्दलची पुस्तकं मात्र ७९२ ला, म्हणजे बहुधा वेगळ्याच दालनात असतात. साहित्याचे अभ्यासक तिकडे फिरकतच नाहीत, आणि माझ्या मते तिथेच मोठं नुकसान करून घेतात. एखादं स्वगत रंगमंचावर कसकसं म्हटलं गेलं हे वाचलं, की संहितेबद्दलचे निम्मे वाद वेगळे दिसायला लागतात.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. चांगली समीक्षा पुष्कळदा अशा पुस्तकात असते, ज्याच्या नावात तुमच्या नाटकाचा पत्ताच नसतो. समीक्षक ए. सी. ब्रॅडली यांची १९०४ ची व्याख्यानं शेक्सपिअरच्या शोकांतिकांवर आहेत, त्यातली दोन ‘हॅम्लेट’वर. कवी आणि समीक्षक टी. एस. एलियट यांनी हे नाटक कलाकृती म्हणून फसलंय असं म्हटलं, तो १९१९ चा निबंध वर्षभराने एका निबंधसंग्रहात गेला, आणि त्या संग्रहाच्या नावात ना हॅम्लेट, ना शेक्सपिअर. तालिका प्रकरणांपर्यंत क्वचितच पोचते. म्हणून पुस्तक हातात आलं की थेट शेवटची सूची उघडा. समजा नाटकाच्या नावापुढे ‘१७, ५२, ८८–११४’ असं आहे. १७ आणि ५२ वर जाता जाता केलेला उल्लेख असणार, ८८ पासून खरं प्रकरण. तिथून वाचायला घ्या. तळटीपांत तेच-तेच नाव वारंवार दिसलं, तर पुढचं पुस्तक कोणाचं काढायचं तेही कळलं.

नाटकाच्या संपादित आवृत्तीची प्रस्तावना हीसुद्धा समीक्षाच, आणि तिच्या शेवटची संदर्भसूची तर आयतीच. परीक्षेची गाइडं तिथेच राहू द्या. कथासार म्हणजे समीक्षा नव्हे.

संदर्भ विभागातली पुस्तकं घरी मिळत नाहीत, तेव्हा वेळ हाताशी ठेवून जा. पेन्सिल न्या, काही वाचनकक्षांत शाई चालत नाही. पानांचा फोटो काढाल तेव्हा आतल्या शीर्षकपानाचा आणि त्यामागच्या छपाईच्या तपशिलाच्या पानाचाही काढा. पहिल्या आवृत्तीचं साल तिथेच कळतं. पुनर्मुद्रण कालचं आणि विचार शंभर वर्षांपूर्वीचा, असं सर्रास असतं.

ग्रंथपालांना विचारायला संकोच करू नका, फक्त त्यांना तो कागदावरचा प्रश्न वाचून दाखवा. तुमच्या सभासद कार्डावर जेस्टोरसारखे लेखसंग्रह उघडतात का, तेही विचारा. सोय असूनही कोणी विचारत नाही म्हणून ती तशीच पडून असते. हवं ते पुस्तक तिथे नसेल, तर दुसऱ्या ग्रंथालयातून मागवण्याचा अर्ज पहिल्याच फेरीत भरा. त्याला दिवस लागतात. अर्जावर प्रकरणाचं नाव आणि पानं लिहिलीत, तर काही ठिकाणी अख्ख्या पुस्तकाची वाट न पाहता तेवढीच पानं स्कॅन करून पाठवतात.