रेकीला गेलात की आधी बसा

चित्रपट करायचाय म्हणून मला भेटायला येणाऱ्या मुलामुलींचे दोन प्रश्न ठरलेले असतात. कॅमेरा कोणता घेऊ? आणि एफटीआयआयला, म्हणजे पुण्याच्या चित्रपट प्रशिक्षण संस्थेत, प्रवेश मिळाला नाही तर पुढे कसं? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, दोन्हींवर खाली बोलतो. पण मला तुम्हाला आधी एका आजींच्या आवाजाबद्दल सांगायचं आहे.

माझ्या पहिल्या चित्रपटाची रेकी, म्हणजे शूटिंगच्या जागेची आधी जाऊन केलेली पाहणी, आम्ही सप्टेंबरमध्ये केली. वारणाकाठचं गाव, पाऊस नुकता ओसरलेला, ऊस डोक्याच्या वर गेलेला. रस्त्याला लागूनच एक दगडी जोत्याचं घर होतं, पुढे सोपा. दुपारी सोप्यात उन्हाची जी तिरीप यायची तिच्यावर आमचा छायालेखक खूश होता, मी घरावर खूश होतो. तासाभरात जागा पक्की करून आम्ही परत निघालो. ध्वनिमुद्रक बरोबर नव्हता. एका माणसाचा प्रवासखर्च आणि मुक्काम आम्ही वाचवला होता.

शूटिंग लागलं जानेवारीत. जानेवारी म्हणजे गळीत हंगामाचा भर, आणि आमच्या घरासमोरचा रस्ता साखर कारखान्याचा. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत एकामागून एक जात होते, प्रत्येकावर साउंड बॉक्स आणि गाणी. मधूनच उसाच्या बैलगाड्या, बैलांच्या गळ्यात घुंगरांच्या माळा. आम्ही सिंक साउंड करत होतो, म्हणजे कलाकारांचा जागेवरचाच आवाज वापरणार होतो. ध्वनिमुद्रक हेडफोन लावून बसायचा आणि दर दोन मिनिटांनी हात वर करायचा, ‘अजून एक येतोय.’

मी ट्रॅक्टरवाल्यांना जाऊन भेटलो. माणसं चांगली होती, गावात शिरताना गाणी बंद करू लागली. पण इंजिन कसं बंद करणार? भरलेल्या ट्रॉल्या चढाला थांबल्या तर पुन्हा हलत नाहीत, आणि त्यांनाही कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर गाठायचा असतो. रस्ता त्यांचा होता, पाहुणे आम्ही होतो.

मुलगा शहरात निघतो आणि आई त्याला निरोप देते असा प्रसंग होता. आईचं काम करणाऱ्या आजी त्याच गावच्या, सत्तरी ओलांडलेल्या, कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच. रडारड काही नव्हती. ‘किल्ली वळचणीलाच ठेवत जाईन’ एवढंच त्या मुलाला सांगतात. पहिल्याच टेकला त्यांनी ते असं म्हटलं की लाईट दादांनी उजेड परतवायला हातात धरलेला थर्मोकोल खाली केला आणि बघत राहिले. त्या टेकच्या मागे ट्रॅक्टरची घरघर आहे. पुढे सात टेक झाले, प्रत्येकात काही ना काही आहे.

तीन महिन्यांनी आजींना डबिंगसाठी मुंबईला आणलं. काचेची खोली, कानाला हेडफोन, समोर पडद्यावर स्वतःचेच हलणारे ओठ. मुलाचं काम करणारा नट नाटकाच्या दौऱ्यावर होता. आजी दोनदा वाक्य बोलल्या, मग थांबून मला म्हणाल्या, ‘आरं बाबा, पर हितं सांगू कुणाला?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. दिवसभर खटपट करून ओठांशी जुळणारा आवाज मिळाला. चित्रपटात तोच आहे. शब्द तेच आहेत, ओठ बरोबर हलतात, पण त्या आवाजात मुलगा नाही. आजी आता नाहीत, आणि दुरुस्त करता येईल असं त्यात काही उरलेलं नाही.

म्हणून आता मी एका जागेची रेकी तीनदा करतो. पहिल्यांदा एकटा जातो, कॅमेरा नेत नाही, मोबाइलवर फोटोही काढत नाही. सकाळी पोचतो आणि उजेड जाईपर्यंत तिथं बसतो. दुसऱ्यांदा छायालेखक आणि ध्वनिमुद्रक दोघंही बरोबर असतात. पैसे कमी असतील तर जेवणावर वाचवतो, ध्वनिमुद्रकाच्या तिकिटावर नाही. तिसऱ्यांदा शूटिंगच्या आठवडाभर आधी, ज्या वेळेचा प्रसंग असेल त्याच वेळेला.

आणि गावातल्या माणसांना विचारतो की तुमच्याकडे त्या महिन्यात काय असतं? जत्रा, उरूस, आठवडी बाजार, लग्नसराई. शेतीपंपाची वीज त्या आठवड्यात दिवसा असते की रात्री? (रात्रपाळी असेल तर माणसं दिवसा झोपलेली असतात आणि तुमच्या गर्दीच्या प्रसंगाला कुणी येत नाही.) शाळेची घंटा किती वाजता होते, देवळात भोंग्यावर आरती कधी लागते? वाईच्या घाटावर एप्रिलमध्ये ज्या पायऱ्यांवर तुम्ही प्रसंग लिहिता, त्या भर पावसाळ्यात पाण्याखाली असू शकतात. हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल, पण विचारावं लागतं.

दिवसभर बसण्याचा आणखी एक फायदा मला फार उशिरा कळला. गोष्ट बदलते. तुम्ही पुण्या-मुंबईत बसून लिहिलेलं असतं की म्हातारी दारात उभी राहते. तिथं बसल्यावर दिसतं की म्हातारी दारात उभी राहतच नाही, ती चुलीपाशी बसून पाठमोरीच बोलते, कारण तिला भाकरी टाकायची असते. असे तपशील मिळाले की माझ्या संहितेतली निम्मी वाक्यं गळून पडतात.

आवाजाला आपल्याकडे नंतरचं काम समजतात, याचं मला मनापासून दुःख आहे. ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या १९३६च्या ‘संत तुकाराम’चे दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. दामले मुळात कंपनीचा ध्वनिविभाग सांभाळणारे, फत्तेलाल कलाविभाग. एकाचा कान आणि एकाचा डोळा. तो चित्रपट पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. दिग्दर्शक व्हायचं तर कॅमेऱ्याकडूनच यावं लागतं असं नाही, हे आपल्याच घरात सिद्ध झालेलं आहे. तुमच्या मित्रमंडळींत सगळ्यांना कॅमेराच हवा असेल, तर तुम्ही बूम, म्हणजे लांब दांडीला लावलेला माइक, धरा. बूम धरणारा माणूस नटाच्या सगळ्यात जवळ उभा असतो आणि अभिनय आधी कानाने ऐकतो. मी सहायक असताना सहा आठवडे बूम धरला होता, आणि नटांशी कसं बोलावं हे मला तिथंच कळायला लागलं.

आता संस्थेबद्दल. १९६०मध्ये सुरू झालेली एफटीआयआय ‘प्रभात’च्याच जागेत उभी आहे. प्रवेश मिळत असेल तर जरूर जा. तिथं तंत्र शिकता, चुका करायला जागा मिळते आणि तुमच्याच वयाचा संकलक, छायालेखक, ध्वनिमुद्रक जन्माचा सोबती म्हणून मिळतो. हे शेवटचं सगळ्यात मोलाचं. नाही मिळाला प्रवेश, तर ही माणसं तुम्हाला स्वतः शोधावी लागतील. एकांकिका स्पर्धांच्या विंगेत ती हमखास सापडतात.

सहायक म्हणून काम करणार असाल तर दोन गोष्टी. मानधन आधी लेखी घ्या. रक्कम छोटी असली तरी घ्या, ‘शिकायला मिळतंय ना’ या वाक्यावर महिने घालवू नका. मी घालवलेत. एका निर्मात्याकडे आठ महिने काम केलं आणि शेवटी श्रेयनामावलीत नावही आलं नाही. दुसरं, कंटिन्युइटी सांभाळायचं काम मागून घ्या. नटाने पेला कोणत्या हातात धरला होता, कोणत्या शब्दावर खाली ठेवला, पदर कोणत्या खांद्यावर होता, हे लिहून लिहून दृश्य कसं तुटतं आणि कसं जोडलं जातं ते अंगात भिनतं. शूटिंग संपल्यावर पुढच्या सेटकडे धावू नका. संकलकाच्या मागे खुर्ची टाकून गप्प बसा. सेटवर ज्या शॉटसाठी तीन तास घालवले तो टेबलावर चार सेकंदांत कसा उडतो, हे बघितलंत की पुढच्या वेळी शॉट लावताना हात आपोआप आखडतो.

पैशाबद्दल थोडक्यात. ध्वनिमिश्रण आणि डीआय (चित्राच्या रंगांवरचं शेवटचं काम) यांचे पैसे शूटिंगच्या पहिल्या दिवसाआधी वेगळ्या खात्यात टाका, नाहीतर ते शूटिंग खाऊन टाकतं. सरकारी अनुदान धरून हिशोब मांडू नका. ते पूर्ण झालेला चित्रपट परीक्षण समितीने पाहिल्यानंतर ठरतं. आणि प्रसंगात बैल, घोडा, अगदी कोंबडी असली तरी शूटिंगच्या आधी प्राणी कल्याण मंडळाची परवानगी घ्या. ती नसली की सेन्सॉरकडे अडकता आणि जाहीर केलेली तारीख हातातून जाते. उसाची बैलगाडी सहज समोर आली म्हणून कॅमेरा फिरवलात, तरी हा प्रश्न येऊ शकतो.

निर्मात्याकडे जाताना पहिल्यांदाच जाड फाइल नेऊ नका. १९१२मध्ये दादासाहेब फाळके लंडनमध्ये कॅमेरा खरेदी करून परतले. भांडवल हवं होतं आणि चित्रपट म्हणजे काय हे इथं फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडं थोडं टिपत राहिले. अंकुर फुटून वेल वर चढते एवढंच त्या मिनिटभराच्या पट्टीत होतं. ती निवडक लोकांना दाखवली आणि त्यातून कर्ज उभं राहिलं. विमा गहाण टाकल्याची गोष्ट सगळे सांगतात. मला ही कुंडी जास्त महत्त्वाची वाटते, कारण पैसे मागण्याआधी त्यांनी काहीतरी दाखवलं.

तुम्हीही तेच करा. घराजवळची एक जागा निवडा: एसटी स्टँडचा फलाट, पिठाची गिरणी, पाणवठा, काहीही. महिनाभर रोज एकाच वेळेला अर्धा तास तिथं बसा. पहिले दहा दिवस फोन खिशातच ठेवा, वहीत फक्त आवाज लिहा. मग चित्रण करा, रोज एकच शॉट. महिना संपला की त्यातून दोन मिनिटं काढा, संगीत न घालता, तिथल्याच आवाजांवर. आधी आवाज बंद करून बघा, नंतर डोळे मिटून ऐका, आणि दोन्ही वेळा जिथं कंटाळा येतो ते काढून टाका.

ती दोन मिनिटं घेऊन मला भेटायला या. वहीही आणा. कॅमेरा कोणता घ्यायचा ते ती बघून बोलू.