पिल्लू आणायचंय? आधी त्याची आई बघून या

आमचं पहिलं पिल्लू निपाणीच्या अलीकडं, हायवेच्या कडेला एका गाडीच्या डिकीतून आमच्या हातात आलं. विकणारा म्हणाला होता, "घरापर्यंत कशाला येताय, लांब पडतंय. मीच येतो की." आम्हाला तो भला माणूस वाटला. चौथ्या दिवशी पिल्लू ओकायला लागलं, मग रक्ताचे जुलाब, आणि आठव्या दिवशी परसात खड्डा खणावा लागला. पार्व्हो झाला होता, म्हणजे पिल्लांच्या आतड्याला धरणारा विषाणूचा आजार. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण ३ ते ७ दिवस जातात, म्हणजे बहुतेक ते आजार घेऊनच आलं होतं. त्यानंतर पिल्लाचा विषय कुणी काढला, की मी पहिल्यांदा विचारतो: आई बघितलीस का?

आई न बघता इसार देणं

नीट जीव लावून पिल्लं वाढवणारी माणसं आपल्या बेळगाव भागात आहेत. खानापूरकडं शेतातल्या घरी एखादी लॅब्रेडॉर असते, अथणीकडं कारवानी (म्हणजे मुधोळ हाऊंड) असते, आणि वेत कधीतरीच होतं. अशा घरी पिल्लं माणसांत वाढतात. कुकरची शिट्टी, मिक्सर, पोरांचा दंगा, ट्रॅक्टर हे सगळं त्यांच्या कानावरून गेलेलं असतं. साधारण ३ ते १४ आठवड्यांच्या काळात पिल्लू जे बघतं-ऐकतं, त्याची भीती पुढं कमी वाटते.

घर कन्नड बोलणारं असेल आणि तुमचं कन्नड तोडकंमोडकं असेल, तरी दोन शब्द पुरतात: "तायी एल्ली?" आई कुठं आहे? "गावाकडं नेलीय", "चावते म्हणून बांधलीय", अशी उत्तरं आली तर पैसे खिशातच राहू द्या. कधीकधी भलतीच कुत्री आई म्हणून दाखवतात, म्हणून सड बघा. पाजणाऱ्या आईचे सड ओघळलेले असतात. सात-आठ आठवड्यांच्या पिल्लांचे दात टोचतात, त्यामुळं ती त्यांच्यावर गुरगुरेल, उठून लांब जाऊन बसेल. त्यात काही वावगं नाही. पण मालक जवळ आल्यावर ती शेपूट पोटाशी घेत असेल, तर परत फिरा. बाप बघायला मिळाला नाही तरी चालतं. कुत्रीला बहुधा दुसरीकडच्या नराकडं नेऊनच लावतात.

"हे कितवं वेत?" हा प्रश्न संकोच न करता विचारा. २०१७ च्या केंद्राच्या श्वान-पैदास नियमांप्रमाणं १८ महिन्यांच्या आतल्या आणि ८ वर्षांवरच्या कुत्रीपासून पिल्लं घ्यायची नाहीत, सलग दोन माजांत तिला लावायची नाही आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं घ्यायची नाहीत. पैदास करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी करायची असते, आणि विकण्याआधी पिल्लाच्या कातडीखाली ओळखीची चिप बसवायची असते. "आम्ही घरगुतीच करतो" म्हणून ही विचारपूस टाळू नका.

तेही तुम्हाला विचारतील: दिवसभर घरी कोण असतं, भाड्याचं घर आहे का, आधीच्या कुत्र्याचं काय झालं. आमचं आत्ताचं पिल्लू जिच्याकडून आणलं, त्या काकींनी आम्हाला दोन तास बसवून घेतलं होतं. बायकोला राग आला होता. मला मात्र हायसं वाटलं.

चाळीस दिवसांचं पिल्लू

"दूध सुटलंय, खातंय, घेऊन जा की" हे सगळीकडं ऐकू येतं. ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला त्याच नियमांत बंदी आहे, आणि तिला कारण आहे. भावंडांशी खेळताना जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ थांबतो. किती जोरानं चावायचं, हे पिल्लू तिथंच शिकतं. लवकर उचललेलं पिल्लू पुढं घरातल्या पोरांचे हात फोडतं, आणि मग नावं त्यालाच ठेवतात.

एक टोचलं म्हणजे झालं

लसीच्या कार्डावर एक स्टिकर दिसला की लोक निर्धास्त होतात. आईच्या चिकातून आलेलं संरक्षण काही आठवडे टिकतं, आणि ते असेपर्यंत लसीचा परिणाम होऊ देत नाही. ते नेमकं कधी ओसरेल, हे पिल्लागणिक वेगळं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून १६ आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी लस परत द्यावी लागते. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. कार्डावर बाटलीचा स्टिकर आणि डॉक्टरांची सही-शिक्का दोन्ही हवेत. चिपचा १५ आकडी नंबर डॉक्टरांकडून स्कॅन करून जुळवून घ्या. केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) पेपर जात सांगतात, तब्येत सांगत नाहीत.

पोट टम्म आणि अंग वाळकं असेल तर ते बाळसं समजू नका, जंत असतात. जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्याला द्यायचं असतं. त्याच्या तारखा मागा.

मुधोळ आणून त्याला जाडं करणं

गोकाकवरून मुधोळ जवळ, त्यामुळं कारवानीचा मोह आपल्याकडं जास्त. घोरपड्यांच्या संस्थानातला हा कुत्रा २००५ साली पोस्टाच्या तिकिटावरही आला. मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं केंद्र आहे, तिथंही पिल्लं मिळतात. पण हा नजरेनं शिकार हेरून पळणारा कुत्रा. शेजाऱ्याची कोंबडी, मांजर दिसली की सुटणारच. मोठा झाल्यावर बरगड्या थोड्या दिसणं हे त्याचं धडधाकट रूप आहे. अंगावर चरबी नसल्यानं भुलीची काही औषधं त्याला जड जातात; ऑपरेशनची वेळ आली तर डॉक्टरांना जात आवर्जून सांगा. पळायला रान नसेल तर आणू नका.

घरी आल्यावर बिघडलं तर

वाटेत ढाब्यावर किंवा पेट्रोल पंपावर पिल्लू खाली सोडू नका. निघण्याआधी दोन-तीन तास खायला देऊ नका, आणि आईचा वास असलेलं एक फडकं मागून आणा. रात्रीचं रडणं त्यानं बरंच कमी होतं. पहिले काही दिवस तिथलंच खाणं चालू ठेवा. जुलाब बऱ्याचदा आपणच प्रेमानं पाजलेल्या गाईच्या दुधामुळं होतात. पिल्लू खेळत असेल, खात असेल, तर दूध बंद करून एक दिवस बघा. पण ओकारी, मरगळ, घाण वासाचे किंवा रक्ताचे जुलाब यांतलं काही दिसलं, तर सकाळची वाट बघू नका. पार्व्होत अंगातलं पाणी कमी होऊन पिल्लू दगावतं, आणि वेळेवर सलाईन लागलं तर वाचू शकतं. माणसांच्या जुलाबाच्या आणि तापाच्या गोळ्या अजिबात देऊ नका.

आधीचं पिल्लू पार्व्होनं गेलं असेल, तर लगेच दुसरं आणू नका. हा विषाणू जमिनीत वर्षभरही राहू शकतो. फरशी ब्लीचनं धुता येते, एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी. पण मातीवर आणि शेणानं सारवलेल्या अंगणावर ब्लीचचा जोर चालत नाही. आम्ही सव्वा वर्ष थांबलो. काकींनी तेही विचारलं होतं, आणि पिल्लाच्या सगळ्या लसी होईपर्यंत त्याला अंगणात उतरवणार नाही, असं आमच्याकडून वदवून घेतल्यावरच त्यांनी इसार घेतला.