नवी संघयादी जुन्या यादीशी कशी ताडून पाहावी: मुंबई सिटीचं उदाहरण

हंगामाच्या तोंडावर फुटबॉल क्लब नव्या संघाची यादी जाहीर करतो आणि तासाभरात सगळीकडे एकच चर्चा सुरू होते: यंदा टीम तगडी झाली की कच्ची? उत्तर बहुतेक जण नव्या नावांवरून देतात. परदेशी कोण आला, कुठल्या क्लबातून आला, यूट्यूबवर त्याचा कुठला गोल सापडला. ही सुरुवातच मला पटत नाही. नवा खेळाडू काय करेल हा अंदाज असतो. गेलेल्या खेळाडूने काय केलं होतं, ते मात्र कागदावर लिहिलेलं असतं. म्हणून तुलना नेहमी गेलेल्यांपासून सुरू करावी.

मी एका सहकारी बँकेत हिशेब बघते. मागच्या वर्षाची अखेरची शिल्लक जुळल्याशिवाय आमच्याकडे नव्या वर्षाचं पान उघडत नाही. फुटबॉलच्या यादीलाही मी तोच नियम लावते. उदाहरण माझ्या संघाचंच घेते, कारण तो मी अंधेरीच्या मैदानावर बसून पाहिला आहे: इंडियन सुपर लीगमधला मुंबई सिटी, २०२३-२४ चा हंगाम आणि त्यानंतरचा २०२४-२५ चा.

आधी पार्श्वभूमी. २०२३-२४ मध्ये मुंबई साखळीत दुसरी आली. २२ सामन्यांत १४ विजय, ५ बरोबरी, ३ पराभव, ४७ गुण. शेवटच्या साखळी सामन्यात मोहन बागानकडून २-१ ने हरल्यामुळे साखळीत पहिल्या येणाऱ्याला मिळणारी शील्ड हुकली. मग साखळीनंतरच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात, गोव्यातल्या फातोर्ड्याला, ९० व्या मिनिटापर्यंत गोव्याविरुद्ध ०-२ अशी पिछाडी असताना तीन गोल करून ३-२ ने जिंकलो. आणि ४ मे २०२४ ला कोलकात्यात त्याच मोहन बागानला ३-१ ने हरवून प्लेऑफच्या विजेत्याचा कप आणला. असा हंगाम संपल्यावर नवी यादी वाचताना डोळ्यांवर थोडी धुंदी असतेच. पद्धत हवी ती याचसाठी.

पहिलं काम: मागच्या हंगामाची यादी नेमकी कुठली धरायची ते ठरवा. हंगामाच्या सुरुवातीची आणि शेवटची अशा दोन याद्या असतात, आणि त्या क्वचितच सारख्या असतात. त्या वर्षी प्रशिक्षक डेस बकिंगहॅम नोव्हेंबरमध्ये इंग्लंडला ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले आणि त्यांच्या जागी पेत्र क्रात्की आले. आक्रमक मिडफिल्डर ग्रेग स्टुअर्ट हंगामाच्या मध्यावरच क्लब सोडून गेला. ऑगस्टची यादी धरली तर स्टुअर्ट उन्हाळ्यात गेल्यासारखा दिसतो, आणि त्याच्याशिवाय संघ कप जिंकला ही महत्त्वाची गोष्ट नजरेतून सुटते. मी शेवटच्या सामन्याच्या दिवशीची यादी पाया धरते. मध्येच गेलेल्यांची नावं खाली वेगळी लिहिते.

आता मिनिटं. प्रत्येक नावापुढे त्याने साखळीत खेळलेली मिनिटं लिहा. सोफास्कोर किंवा ट्रान्सफरमार्क्टवर ती सहज मिळतात. २२ सामने, प्रत्येकी ९० मिनिटं, म्हणजे एका खेळाडूची जास्तीत जास्त १,९८० मिनिटं, आणि अकरा जणांची मिळून २१,७८०. जे खेळाडू संघात राहिले आहेत त्यांची मिनिटं मिळवा आणि त्या बेरजेला २१,७८० ने भागा. मागच्या हंगामाचा किती टक्के खेळ परत येतोय ते कळतं. बावीस जण कायम आणि सहा जण गेले, अशा मोजणीला काहीच अर्थ नाही. त्या सहांतले तीन राखीव गोलकीपर असतील तर संघाला ओरखडाही उठलेला नसतो. आणि सहाही जण पहिल्या अकरातले असतील तर संघ जवळपास नवा झालेला असतो.

पण टक्केवारीवर थांबू नका. त्यापुढची पायरी सगळ्यात मोलाची, आणि नेमकी तीच लोक गाळतात.

कोऱ्या कागदावर मैदान काढा. मागच्या हंगामाचे पहिले अकरा आपापल्या जागी लिहा. जो राहिला त्याच्याभोवती निळं वर्तुळ, जो गेला त्याच्यावर लाल काट. आता कागद हातभर लांब धरून बघा, लाल रंग कुठे साचलाय. दोन्ही कडांना की मधल्या पट्ट्यात?

मुंबईचा २०२४ च्या उन्हाळ्यातला कागद अजून माझ्या वहीत आहे. कडांना सगळं निळं. उजवीकडे छांगटे, डावीकडे विक्रम प्रताप आणि बिपिन. गोलमध्ये त्या हंगामाचा गोल्डन ग्लोव्ह, म्हणजे सर्वोत्तम गोलकीपरचा पुरस्कार, मिळवलेला फुर्बा लाचेनपा, त्याच्यापुढे टिरी आणि मेहताब. मधल्या फळीत व्हान निफ आणि आपला जयेश राणे. एवढं निळं पाहून कोणालाही वाटेल, काळजीचं कारण नाही. माझ्या भाच्याने तेच म्हटलं होतं, “मावशी, टीम तर तशीच आहे की!”

मी त्याला लाल फुल्या दाखवल्या. राहुल भेके, कप उचलणारा कर्णधार, मधल्या बचावात आणि उजव्या बाजूला दोन्हीकडे खेळणारा. अपुइया, बचावफळीच्या पुढे उभा राहून प्रतिस्पर्ध्याचा डाव मोडणारा आणि चेंडू मिळाला की मान वर करून पुढे देणारा. अल्बर्टो नॉगुएरा, मधल्या फळीतून शेवटचा पास शोधणारा. आणि होर्हे परेरा डियाझ, स्ट्रायकर. चार फुल्या, आणि चारही जवळपास एका उभ्या रेषेत. बचावातून चेंडू निघून प्रतिस्पर्ध्याच्या गोलसमोर पोचतो ती वाट या चौघांमधून जात होती. विंगर, म्हणजे कडेने खेळणारे, कितीही चांगले असोत, चेंडू त्यांच्याकडे कोणीतरी द्यावा लागतो, आणि त्यांनी आत टाकलेल्या चेंडूवर कोणीतरी उभं असावं लागतं.

माझं ठाम मत आहे की मधल्या पट्ट्यातली एक फुली कडेच्या दोन फुल्यांना भारी पडते. मधल्या बचावातले दोन स्टॉपर, बचावात्मक मिडफिल्डर, चेंडू पुढे नेणारा मिडफिल्डर, स्ट्रायकर: या पाच जागांपैकी तीन किंवा जास्त जागा रिकाम्या झाल्या असतील, तर बाकी यादी कितीही ओळखीची दिसो, पुढचा हंगाम नव्याने बांधणीचा आहे असंच समजा.

यानंतरच नव्या नावांकडे वळा. तीही नुसती यादी म्हणून वाचायची नाहीत. प्रत्येक लाल फुलीपुढे एक बाण काढा आणि विचारा: याचं काम आता कोण करणार? काम म्हणजे जागा नव्हे. डियाझ नुसता गोल करत नव्हता, बचावपटूंना अंगावर घेऊन विक्रम आणि छांगटेसाठी जागा मोकळी करत होता. त्याच्या जागी ग्रीसचा निकोस कारेलिस आला. तोही स्ट्रायकरच, पण तो डियाझचं तेच काम करेल असं गृहीत धरता येत नाही. नॉगुएराच्या बाणापुढे तीन नावं लिहावी लागली: जॉन टोराल, जमशेदपूरहून आलेला जेरेमी मान्झोरो आणि गोव्याहून आलेला ब्रँडन फर्नांडिस. ब्रँडन मडगावचा, भारतीय फुटबॉलमध्ये पास देण्यात त्याच्या तोडीचे मोजकेच, आणि तो आला म्हणून मला मनापासून आनंद झाला होता. पण एका बाणापुढे तीन नावं येतात तेव्हा ते काम अजून कोणाचंच ठरलेलं नाही असा त्याचा अर्थ होतो.

आणि अपुइयाच्या बाणापुढे? तिथे मला कोणाचंही नाव लिहिता आलं नाही. संघात होते त्यांच्यातूनच कोणीतरी ते उचलायचं होतं. अशी रिकामी जागा दिसली की तिथे मोठं प्रश्नचिन्ह काढा, आणि पहिले सामने बघताना नजर तिथेच ठेवा.

आपल्या लीगसाठी एक वेगळा रकाना आखावाच लागतो, परदेशी खेळाडूंचा. त्या हंगामात संघात सहा परदेशी आणि मैदानावर एका वेळी चार, ही मर्यादा होती. म्हणजे कुठल्याही क्षणी सहांतले दोघे बाहेर बसणार. २०२४-२५ च्या सुरुवातीला मुंबईचे सहा असे होते: टिरी, क्रूमा, व्हान निफ हे तीन जुने, आणि कारेलिस, टोराल, मान्झोरो हे तीन नवे. नीट बघा, जुने तिघे बचावाच्या अंगाचे आणि नवे तिघेही हल्ल्याच्या अंगाचे. आधीच्या हंगामातले डियाझ, नॉगुएरा आणि अंतिम सामन्यात तिसरा गोल करणारा याकुब वोयटुश हे तिघेही गेलेले. हल्ल्याची परदेशी बाजू पुरती बदलली आणि बचावाची तशीच राहिली. म्हणून हंगामाआधी कागदावर अंदाज लिहिताना मी लिहिलं होतं: गोल घटतील, खाल्लेले गोल फार वाढणार नाहीत.

प्रशिक्षक आणि सामन्यांचा भार या दोन ओळी पटकन लिहून टाका. क्रात्की तेच राहिले, पण आधीच्या वेळी ते बकिंगहॅमनी बांधलेल्या संघात मधूनच आले होते. आता पूर्वतयारीपासून त्यांचा स्वतःचा हंगाम होता. भाराच्या बाजूने २०२३-२४ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगचे सहा सामने होते, पुण्यात बालेवाडीला आणि नवी मुंबईत डी. वाय. पाटीलवर अल हिलालविरुद्ध खेळलेला सामना धरून. पुढच्या वर्षी ते नव्हते. भार कमी झाला होता, म्हणजे पुढे निकाल बिघडले तर थकव्यावर ढकलता येणार नव्हतं.

वयाची ओळही घाला, पण तिला डोक्यावर बसू देऊ नका. लोक तिशी ओलांडली की लाल पेन काढतात. सुनील छेत्रीने ऑगस्ट २०२४ मध्ये चाळिशी गाठली आणि त्या हंगामात बंगळुरूसाठी १४ गोल केले. वयापेक्षा मागच्या दोन हंगामांतली मिनिटं बघा. ती घसरत असतील तरच काळजी करा.

हंगाम संपल्यावर तुलना तपासायची असेल तर एकूण आकडे समोरासमोर ठेवू नका, दर सामन्याचे काढा. मोहम्मेडन स्पोर्टिंग हा क्लब खालच्या लीगमधून वर आल्यामुळे संघ १२ चे १३ झाले आणि साखळी सामने २२ चे २४. मुंबईने आधीच्या वर्षी ४२ गोल केले आणि १९ खाल्ले. नंतरच्या वर्षी २९ केले आणि २८ खाल्ले. दर सामन्याला केलेले गोल १.९१ वरून १.२१ वर आले, खाल्लेले ०.८६ वरून १.१७ वर गेले. बचावही ढिला पडला, मी धरलं होतं त्याहून जास्त. अपुइया आणि भेकेच्या फुल्या तिथे बोलत होत्या. पण मोठी घसरण हल्ल्यातच होती. नऊ सामने बरोबरीत सुटले, आधीच्या वर्षी पाच सुटले होते. ३६ गुण, सहावा क्रमांक. प्लेऑफची शेवटची जागा कशीबशी मिळाली.

आता एक रकाना असा, जो मला इतर कोणाच्या तक्त्यात दिसत नाही: गेलेला खेळाडू कुठे गेला. क्लब सोडणारा माणूस हवेत विरत नाही. तो परदेशी गेला तर आपलं फक्त नुकसान होतं. तो आपल्याच लीगमध्ये गेला तर तेवढीच भर समोरच्याच्या खात्यात पडते, म्हणून ती फुली दोनदा मोजायची. भेके, नॉगुएरा आणि डियाझ, तिघेही बंगळुरूला गेले. अपुइया मोहन बागानला गेला, आणि स्टुअर्टही त्या हंगामात तिथेच होता. माझ्या कागदावर जुलैमध्येच बंगळुरूच्या नावाखाली तीन अधिक चिन्हं होती आणि मोहन बागानखाली दोन. मोहन बागानने त्या वर्षी शील्ड आणि कप दोन्ही जिंकले, कपच्या अंतिम सामन्यात बंगळुरूलाच हरवून. आणि त्याआधी, २९ मार्च २०२५ ला, प्लेऑफमध्ये बंगळुरूने त्यांच्या कांतीरवा मैदानावर आपल्याला ५-० ने हरवलं. पाचवा गोल डियाझचा होता. तो गोल बघणं फार जड गेलं, इतकंच लिहिते.

तुमचा संघ कुठलाही असो, गोवा असो, केरळा ब्लास्टर्स असो किंवा कोल्हापुरातलं तुमच्या पेठेतलं तालीम मंडळ असो, हीच पद्धत चालते. पेठेच्या संघाची मिनिटं कुठल्या ॲपवर मिळणार नाहीत. तिथे किती सामन्यांत तो पहिल्या अकरात होता एवढं मोजलं तरी पुरतं, आणि ते मैदानावर नेमाने येणाऱ्या कोणाही काकांना तोंडपाठ असतं. रेषा, फुल्या, बाण तेच.

कागद तयार झाला की त्यावर तारीख घाला आणि खाली दोन ओळींत अंदाज लिहा: गोल वाढतील की घटतील, कुठल्या जागेची काळजी वाटते. पहिल्या सामन्यावरून तो बदलू नका. २०२४ चा आपला पहिला सामना कोलकात्यात मोहन बागानशी २-२ सुटला होता, दोन गोलांनी मागे पडून, आणि आपले दोन्ही गोल टिरी आणि क्रूमा या बचावपटूंनी केले होते. बरोबरीचा आनंद झालाच, पण स्ट्रायकरचा बाण अजून मोकळाच होता. सहा सामने होऊ द्या. मग कागद पुन्हा काढा, प्रत्येक बाणापुढे प्रत्यक्षात ते काम कोण करतोय त्याचं नाव हिरव्या पेनाने लिहा, आणि जानेवारीत बदल्यांची खिडकी उघडेपर्यंत ज्या बाणापुढे हिरवं नाव आलं नसेल, क्लब तिथे कोणाला आणतोय का ते बघा.