होम लोन घेताय? विम्याचं काय करायचं ते सह्या करायच्या आधीच ठरवा

होम लोनच्या फाईलवर सह्या करायला बसलं की शेवटी शेवटी एक जादा फॉर्म पुढं येतो, आणि समोरचे साहेब म्हणतात हे लोनसोबत असतंच, सगळेच घेतात, इथं सही करा. मी सांगलीत विश्रामबागला फ्लॅट घेतला तेव्हा माझ्यापुढंही आला होता. तोवर पंचवीस-तीस सह्या झालेल्या, बिल्डरला पैसे द्यायची तारीख तोंडावर आलेली, बाहेर बाकावर बायको पोरीला घेऊन ताटकळत बसलेली, मी काही न विचारता सही केली. महिन्याभरानं घरी स्टेटमेंट नीट बघितलं तर लोन 25 लाखाऐवजी 25 लाख 90 हजार. वरचे 90 हजार म्हणजे त्या विम्याचा एकरकमी हप्ता, आणि तोही कर्जातच घातलेला. 9 टक्क्यानं 20 वर्षांचा हिशोब मांडला तर त्यापोटी ईएमआय दरमहा 810 रुपयांनी वाढलेला, म्हणजे 90 हजाराच्या जागी शेवटपर्यंत 1 लाख 94 हजार जाणार. पॉलिसी परत करायची मुदतही तोपर्यंत निघून गेलेली. तुमचं असं होऊ नये म्हणून हे सगळं लिहितोय.

आधी सरळ उत्तर. होम लोन घेताना जीवन विमा घेतलाच पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा किंवा विमा नियामक आयआरडीएआयचा कुठलाही नियम नाही. विमा नाही म्हणून लोन अडवतो असं कोणी म्हणालं तर एकच वाक्य म्हणा, "साहेब, हे मला लेखी द्या." आवाज न चढवता म्हणा, भांडायची गरज पडत नाही. आणि विमा घ्यायचाच ठरवलात तरी तो बँकेच्याच कंपनीचा घ्यायची सक्ती नाही.

इथं बऱ्याच जणांचा एक घोळ होतो. घराचा विमा वेगळा आणि माणसाचा विमा वेगळा. आग, पूर, भूकंप यासाठी इमारतीचा विमा काढायची अट लोनच्या करारात बहुतेक ठिकाणी असते, आणि सांगलीकरांनी तो मनापासून काढावा. 2005, 2019, 2021, तीनदा कृष्णेचं पाणी घरात शिरलेलं आपण बघितलंय. फक्त पॉलिसीत पूर धरलाय का ते वाचा, आणि घरातल्या सामानाचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं हे लक्षात ठेवा. पण त्या पॉलिसीचा आणि कर्ता माणूस गेल्यावर कर्ज कोण फेडणार याचा काही संबंध नाही.

आता सक्ती नाही म्हणून गरज नाही असं अजिबात समजू नका. माणूस गेला तरी कर्ज राहतं. सहकर्जदार असेल, बहुतेक वेळा बायकोच असते, तर सगळं तिच्यावर येतं. नसेल तर वारसांना जे मिळालंय त्यातून वसूल होतं, म्हणजे शेवटी घरातूनच. हप्ते 90 दिवस थकले की खातं एनपीए म्हणजे थकलेलं कर्ज ठरतं, मग 60 दिवसांची नोटीस येते आणि त्यानंतर बँक घराचा ताबा घेऊ शकते. आपल्याकडं पतसंस्था, सहकारी बँकांचं कर्ज भरपूर, तिथं दोन जामीनदार असतात, मग ती नोटीस तुमच्या मित्राच्या नाहीतर चुलत्याच्या दारात जाते, कारण कायद्यानं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. आपल्या विश्वासावर सही करणाऱ्या माणसाचा विचार आपणच करायचा असतो.

अजून एक आकडा बघा. 25 लाख, 9 टक्के, 20 वर्षं, ईएमआय साधारण 22,500. दहा वर्षं न चुकता भरले, अर्धी मुदत संपली, तरी मुद्दल अजून 17 लाख 75 हजाराच्या आसपास शिल्लक असते, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजच जास्त जातं. "आता निम्मं फिटलं असंल" हा अंदाज इथं चुकतो.

म्हणून स्वतःला विचारा, मी उद्या नसलो तर पुढच्या महिन्याचा ईएमआय कोणाच्या खात्यातून जाईल? बायको कमावती आहे आणि एकटीच्या पगारात हप्ता आणि घर दोन्ही भागतंय, किंवा कर्ज फेडता येईल एवढी ठेव बाजूला आहे, किंवा तुमच्यावर कोणीच अवलंबून नाही, तर वेगळा विमा नाही घेतला तरी चालेल. आधीच मोठं टर्म कव्हर, म्हणजे ठरलेल्या मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा साधा विमा, असेल तरी नको. पण कमावणारे तुम्ही एकटे आणि पोरं लहान असतील तर घ्याच, यात माझं मत पक्कं आहे. कंपनीचा ग्रुप विमा धरू नका, नोकरी सुटली की तो सुटतो. पंतप्रधान जीवनज्योतीचे वर्षाला 436 रुपये जरूर भरा, पण त्यातून 2 लाख मिळतात. जुन्या एलआयसी पॉलिसीची विमा रक्कम काढून बघा, बऱ्याच घरात ती दोन-पाच लाखाचीच निघते.

मग घ्यायचं काय? बँक देते त्याला होम लोन प्रोटेक्शन म्हणतात, हप्ता बहुतेक एकरकमी, आणि कव्हर कर्जासोबत कमी कमी होत जातं. गोम इथंच आहे, ते कव्हर बहुतेक वेळा पहिल्या दिवशीच्या तक्त्याप्रमाणं उतरतं, पण फ्लोटिंग म्हणजे बदलता व्याजदर वाढला की तुमचं कर्ज त्या तक्त्यानं उतरत नाही. मे 2022 च्या सुरुवातीला रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते तो, 4 टक्के होता तो फेब्रुवारी 2023 पर्यंत साडेसहा झाला, कितीतरी जणांची मुदत वर्षानुवर्षं लांबली, आणि कव्हर मात्र आपल्या गतीनं खाली. शिवाय लोन 20 वर्षांचं आणि विमा पाचच वर्षांचा असंही असतं, लोन दुसऱ्या बँकेत नेलं तर पॉलिसीचं काय होणार हे कोणी आपणहून सांगत नाही. घेणारच असाल तर मुदत, कोणाकोणाच्या नावावर कव्हर आहे, लोन लवकर फेडलं तर किती परत मिळणार, एवढं लेखी विचारा.

साधा टर्म प्लॅन माझ्या मते बहुतेकांना जास्त बरा. कव्हर शेवटपर्यंत तेवढंच, पैसे घरच्यांच्या हातात, कर्ज फेडायचं की आधी पोरीची फी भरायची ते घरचेच ठरवतील. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक जीवन विम्यावर जीएसटी नाही, ग्रुप पॉलिसीला मात्र लागतो आणि बँकेची पॉलिसी बहुतेक वेळा ग्रुपच असते. किती रकमेचा? शिल्लक कर्ज अधिक दहा वर्षांचा घरखर्च. माझं 25 लाख कर्ज, खर्च महिना 30 हजार म्हणजे 36 लाख, झाले 61, पोरीच्या शिक्षणाचे धरून मी 75 लाखाचा घेतला. दोघं कमावत असाल तर दोघांचाही काढा, एकट्या नवऱ्याचा काढून चालत नाही.

द्राक्षबागायतदार, हळदीचे छोटे व्यापारी यांची अडचण वेगळी. उत्पन्न आहे पण कागद नाही, आणि टर्म कंपनी आयटीआर म्हणजे इन्कम टॅक्स रिटर्न मागते. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी रिटर्नमध्ये दाखवता येतं, घर घ्यायचा विचार असेल तर दोन-तीन वर्षं आधीपासून भरायला लागा, लोनलाही तेच कागद उपयोगी पडतात. आणि साखर, बीपी असल्यानं टर्म नाकारला गेला तर तिथं मात्र बँकेची ग्रुप पॉलिसी कामाची, कारण काही वेळा तिथं तपासण्या कमी असतात.

फॉर्म भरताना खरं लिहा, हे हात जोडून सांगतो. तंबाखूचा प्रश्न येतो तिथं एजंट म्हणतो, मावाच तर खाता, सिगरेट कुठं ओढता, "नाही" वर टिक करा. करू नका. मावा, गुटखा, मिश्री सगळं तंबाखूतच येतं. हप्ता थोडा वाढेल. पण पहिल्या तीन वर्षांत काही झालं आणि दवाखान्याच्या जुन्या कागदावर तंबाखूची नोंद सापडली की क्लेम अडकतो. तीन वर्षांनंतर विमा कायद्याच्या कलम 45 नं कंपनीला पॉलिसीवर प्रश्न उभा करता येत नाही, पण ती तीन वर्षं कशी जातील हे कोणाच्या हातात आहे? फॉर्म दुसऱ्याला भरायला दिला असेल तरी सही करायच्या आधी स्वतः वाचा.

लग्न झालेल्या पुरुषांनी पॉलिसी घेतानाच एमडब्ल्यूपी म्हणजे 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्यायचा पर्याय विचारा. मग ते पैसे बायको-पोरांचेच, धंद्यात ज्यांचं देणं आहे त्यांना हात लावता येत नाही. नंतर हे करता येत नाही. साधी पॉलिसी बँकेनं असाईन करून म्हणजे आपल्या नावावर करून मागितली तर समजून घ्या की मग बँकेचं देणं आधी वळतं होतं, उरलं तर घरी येतं.

क्रम असा ठेवा की टर्म पॉलिसी लोनच्या आधी हातात पाहिजे, मेडिकल आणि कागदपत्रांत दोन-तीन आठवडे सहज जातात. मग बँकेत तो फॉर्म आला की शांतपणे पॉलिसीची झेरॉक्स पुढं ठेवायची, आणि लोन विम्याशिवाय द्या असा साधा अर्ज देऊन पोच घ्यायची. 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या लोनला 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे लोनचा सगळा खर्च एकत्र दाखवणारा कागद, देणं बंधनकारक आहे, त्यात विम्याचा खर्चही दाखवावा लागतो, तो कागद सह्यांच्या आधी घरी आणून मोठ्यानं वाचा. मंजूर रक्कम आणि तुम्ही मागितलेली रक्कम जुळते का एवढं बघितलं तरी माझ्यासारखं होणार नाही.

पॉलिसी गळ्यात पडलीच असेल तर आता मिळाल्यापासून 30 दिवसांत परत करता येते. कंपनी ऐकत नसेल तर आयआरडीएआयच्या 155255 ला फोन करा नाहीतर त्यांच्याच बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका, त्यापुढं आपल्या भागासाठी विमा लोकपालांचं ऑफिस पुण्यात आहे, तिथं फी लागत नाही.

पॉलिसी आली की नाव आधारप्रमाणं आहे का, वारसदार बरोबर लागलाय का ते बघा. आमची प्रिंट देवघराखालच्या कपाटात हिरव्या फाईलमध्ये आहे, पॉलिसी नंबर आणि कंपनीचा फोन बायकोच्या मोबाईलमध्ये आणि मेहुण्याकडं पण. हप्ता दर जूनला जातो, त्या खात्यात पैसे आहेत का ते ती मला मेच्या शेवटीच विचारते.