हार्ट फेल्युअर आणि मूत्रपिंडाचा विकार: घरच्या नोंदी कशा ठेवाव्यात

हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी झालेल्या, रुग्णाचे वजन वाढले की अंगात पाणी साठत असल्याची शंका घ्यावी, हे बहुतेक घरांना ठाऊक असते. पण मूत्रपिंडेही कमजोर असतील, तर भराभर उतरणारे वजन, उभे राहताना येणारी चक्कर आणि कमी झालेली लघवी यांचीही तितकीच दखल घ्यावी लागते, कारण पाणी काढणाऱ्या गोळीचा परिणाम गरजेपेक्षा जास्त होऊन मूत्रपिंडांवर ताण येत असू शकतो.

वजन सकाळी लघवी झाल्यावर, चहापूर्वी, त्याच काट्यावर करावे. पुण्याच्या पेठांतल्या जुन्या वाड्यांत शहाबादी फरशी क्वचितच समतल असते, म्हणून काटा डुगडुगणार नाही अशी जागा शोधून तिथे खडूने खूण करावी. सतरंजीवर काटा ठेवू नये. 3 दिवसांत 2 किलोंहून अधिक वाढ झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. वजन झाल्यावर रुग्णाला 5 मिनिटे शांत बसवून रक्तदाब व नाडी मोजावी, घोट्यावर अंगठ्याने दाबून सुजेमुळे खळगा राहतो का ते पाहावे आणि रात्री आडवे झाल्यावर धाप लागू नये म्हणून किती उशा लागल्या ते विचारावे.

आईवडील कोथरूडला आणि मुले परदेशी अशी घरे पुण्यात पुष्कळ आहेत. तिथे रोज ठरल्या वेळी, एकाच क्रमाने लिहिलेला व्हॉट्सॲप संदेश काट्याच्या फोटोसह पाठवावा. कोणत्या आकड्याला कोणाला फोन करायचा, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.

क्रिएटिनिन (मूत्रपिंडे कसे काम करतात ते दाखवणारा रक्तातला घटक) आणि पोटॅशियम मात्र रक्ततपासणीतच कळतात. या दोन्हींवर परिणाम करणारे औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर साधारणतः 1 ते 2 आठवड्यांत ही तपासणी होते; नमुना घरी येऊन नेला जातो. क्रिएटिनिन किंचित वाढले म्हणून गोळी परस्पर बंद करू नये, पण पोटॅशियम 5.5 मिलिमोल प्रति लिटरच्या पुढे गेल्यास डॉक्टरांना लगेच गाठावे. भेटीला येणारे प्रेमाने शहाळे आणतात, त्यात पोटॅशियम भरपूर असते. ‘लो सोडियम’ मिठातही सहसा तेच असते, आणि सैंधव म्हणजे शेवटी सोडियमच. गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या स्वतःहून देऊ नयेत. जुलाब किंवा उलट्या सुरू झाल्यास त्या दिवशी कोणती औषधे थांबवायची, ते फोन करून विचारावे.

बसल्या जागी धाप लागणे, छातीत दुखणे किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काहीही घडले, तर संदेशाच्या उत्तराची वाट न पाहता 108 ला फोन करावा.