हेल्थवरची संशोधनाची बातमी कशी वाचायची

'अमुक खा, कॅन्सर टळेल' असली बातमी दिसली की आधी एकच बघायचं, लोकांना नुसतं विचारून नोंदी केल्यात की खरंच दोन गट पाडून ट्रायल घेतलीय, कारण भाज्या जास्त खाणारे लोक बहुतेक व्यायामही करतात, सिगारेटही कमी ओढतात, मग फायदा नक्की कशाचा ते कळणार कसं? गाजरात असतं त्या बीटा कॅरोटीनचं हेच झालं. निरीक्षणांत भारी वाटलं, पण फिनलंडमध्ये २९ हजारांवर स्मोकर पुरुषांवर ट्रायल घेतली आणि १९९४ ला रिझल्ट आला तर गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर उलट १८ टक्के जास्त!

आता हे १८ टक्के पण नीट बघा. मूळ धोका १०० त ५ असेल तर तो ६ च्या आसपास जातो, २३ होत नाही. हेडलाइनवाले हे सांगत नाहीत.

मनाचा भाग तर लोक विसरतातच. २०२० च्या एका छोट्या ट्रायलमध्ये स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करायच्या गोळीने, जो त्रास होतो म्हणायचे त्यातला ९० टक्के त्रास खोट्या गोळीनेही झाला, म्हणजे त्रास खरा, कारण वेगळं. म्हणून प्लासिबो गट, म्हणजे खोटी गोळी दिलेला गट, होता का ते शोधायचं. आणि हो, चालू गोळ्या बातमी वाचून बंद करू नका, डॉक्टरला विचारा.